भोंगा आणि मत

(द्वितीय वर्ष, कला)

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मला मत नव्हते, पण आवाज होता. अठरा पूर्ण व्हायला दोन महिने कमी होते. आमचे बाबा कल्याणला रिक्षा चालवतात. एका उमेदवाराच्या माणसांनी ती रिक्षा दहा दिवस प्रचारासाठी ठरवली. भाडे रोजच्या धंद्यापेक्षा बरे होते. टपावर भोंगा चढला, पाठीमागे फलक बांधला गेला, आणि मग बोलणार कोण असा प्रश्न आला. बाबा अभिमानाने म्हणाले, "आमची पोरगी कॉलेजात वक्तृत्वात भाग घेते." झाले! त्याच संध्याकाळी प्रचार कार्यालयाच्या मागच्या खोलीत पंखा बंद करून मोबाईलवर माझा आवाज भरून घेतला. मजकूर अर्ध्या मिनिटाचा. त्यात उमेदवाराचे नाव तीनदा, निशाणी दोनदा आणि एक वाक्य पाण्याचे : निवडून दिलेत तर आपल्या चाळीत रोज भरपूर पाणी येईल. मला पाचशे रुपये मिळाले. त्यातून मी लोकलचा पास काढला.

तो उमेदवार कोण, कुठल्या पक्षाचा, आला की पडला, हे मी सांगणार नाही. त्याने माझ्या म्हणण्यात काही फरक पडत नाही. मी फक्त हिशेब सांगते. अर्ध्या मिनिटाचा मजकूर तासाला १२० वेळा वाजतो. दिवसाचे सहा तास धरले तर ७२० वेळा, आणि दहा दिवसांत ७,२०० वेळा. इतक्यांदा मी माझे स्वतःचे नावही आजवर उच्चारले नसेल! बाबा त्या भोंग्याखाली बसून हे सारे ऐकत होते. रात्री भाकरी मोडता मोडता त्यांच्या तोंडून घोषणा बाहेर पडायची, आणि आई हसून म्हणायची, "पुरे आता, इथं कुणी मतदार नाही."

मतमोजणीनंतर वर्गात वाद झाला. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा कानांवर घातली की निवडणूक जिंकता येते का? आमच्या एका मित्राने तत्काळ गोबेल्स काढला : शंभर वेळा सांगितलेले खोटे खरे होते, असे हिटलरचा हा प्रचारमंत्री म्हणून गेला आहे. आमच्या राज्यशास्त्राच्या सरांनी शांतपणे विचारले, "कुठे म्हणून गेला आहे?" कुणालाच सांगता येईना. सर म्हणाले, अभ्यासकांनी पुष्कळ शोध घेतला, पण हे वाक्य गोबेल्सच्या लेखनात किंवा भाषणांत सापडलेले नाही. आपण सर्वांनी ते इतक्यांदा ऐकले आहे की शंका घेण्याची आवश्यकताच भासली नाही. गंमत पाहा, पुनरुक्तीविषयीचे वाक्यच पुनरुक्तीने खरे झाले!

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात घोळतो आहे. मी काही राज्यशास्त्राची पंडित नव्हे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. तथापि भोंग्यातला आवाज माझा होता, म्हणून मला यावर चार शब्द लिहिण्याचा थोडासा अधिकार आहे असे वाटते.

लहानपणी आपण सर्वांनी पंचतंत्रातली ब्राह्मणाची गोष्ट ऐकली आहे. खांद्यावर बोकड घेऊन निघालेल्या त्या भल्या माणसाला वाटेत तीन ठग भेटतात. पहिला म्हणतो, "हे कुत्रे खांद्यावर कशाला?" ब्राह्मण चिडतो. दुसरा तेच म्हणतो, ब्राह्मणाला शंका येते. तिसरा तेच म्हणतो आणि ब्राह्मण बोकड टाकून पळ काढतो. या गोष्टीत दोन बारकावे आहेत. एकाच ठगाने तीनदा सांगितले असते तर ब्राह्मणाने त्याला वेड्यात काढले असते. तीन निराळ्या तोंडांनी तेच सांगितले, म्हणून त्याला ते पटले. दुसरे असे की बोकड त्याच्याच खांद्यावर होता. खाली ठेवून नीट पाहण्याचे कष्ट त्याने घेतले नाहीत. आज एकच मजकूर नातेवाइकांच्या, सोसायटीच्या आणि शाळेतल्या मित्रांच्या अशा तीन व्हॉट्सॲप गटांतून येतो तेव्हा आपलाही असाच ब्राह्मण होतो.

मानसशास्त्रानेही हे तपासले आहे. अमेरिकेतील रॉबर्ट झायोन्स यांनी १९६८ साली दाखवून दिले की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडू लागते. १९७७ साली लिन हॅशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांपुढे दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने काही खरी आणि काही खोटी विधाने ठेवली. जी विधाने पुन्हा आली ती, खरी असोत वा खोटी, अधिकाधिक खरी वाटू लागली. लिसा फॅझिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१५ च्या प्रयोगांत तर असे आढळले की खरे उत्तर ठाऊक असलेली माणसेही या परिणामातून सुटत नाहीत. म्हणजे 'आम्ही शिकलेले, आम्ही फसणार नाही' ही आपली घमेंडही फुकाचीच.

मग सगळा खेळ भोंग्याचाच म्हणायचा का? तसे असते तर ज्याचे भोंगे जास्त तो नेहमी जिंकला असता. इतिहास तसे सांगत नाही.

आपल्या ठाण्याचेच पाहा. बाळासाहेब ठाकरे यांनी १३ ऑगस्ट १९६० ला 'मार्मिक' सुरू केले. त्यात पुढे 'वाचा आणि थंड बसा' या मथळ्याखाली मुंबईच्या कचेऱ्यांतील अमराठी, विशेषतः दाक्षिणात्य, नावांच्या याद्या आठवड्यामागून आठवडे छापल्या गेल्या. लेख नाही, युक्तिवाद नाही, नुसती नावे! मथळा कालांतराने 'वाचा आणि उठा' असा झाला. १९ जून १९६६ ला शिवसेना स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षी, १९६७ साली, तिला पहिली सत्ता मिळाली ती ठाणे नगरपालिकेत. वसंतराव मराठे नगराध्यक्ष झाले. नोकरीसाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवणाऱ्या मराठी तरुणाच्या मनात जो सल आधीच होता, त्याला त्या याद्यांनी दर आठवड्याला शब्द दिले. म्हणून त्या लागू पडल्या. त्या न्याय्य होत्या का, हा प्रश्न मात्र उरतोच. यादीतला कारकूनही पोटासाठीच आला होता, आणि त्याच्यासारख्यांची नातवंडे आज डोंबिवलीत आपल्या शेजारी राहतात. पुनरुक्तीला न्याय-अन्याय कळत नाही, तिला फक्त दुखरी जागा कळते.

'ठाण्याची शिवसेना, शिवसेनेचे ठाणे' ही घोषणाही ठाणेकर कित्येक वर्षे ऐकत आले आहेत. ती नुसती भिंतीवर रंगवून टिकली असे मला वाटत नाही. १९७८ साली मासुंदा तलावाकाठी गडकरी रंगायतन उभे राहिले. टेंभी नाक्यावर आनंद दिघे लोकांची गाऱ्हाणी ऐकत बसत. ते २००१ साली गेले, तरी जुनी माणसे आजही त्या दरबाराच्या गोष्टी सांगतात. तिथे घोषणेबरोबर कामाचीही पुनरुक्ती झाली.

याच्या उलट उदाहरण आणीबाणीचे. २५ जून १९७५ पासून जवळजवळ एकवीस महिने आकाशवाणीवर सरकारचाच आवाज होता. वृत्तपत्रांवर नियंत्रण होते. शिस्तीचे आणि कुटुंबनियोजनाचे संदेश भिंतीभिंतींवर होते. एवढी एकतर्फी पुनरुक्ती आपल्या देशात क्वचितच झाली असेल. आणि निकाल काय? मार्च १९७७ मध्ये काँग्रेस हरली, खुद्द इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या. कल्याण-डोंबिवली तेव्हा ठाणे लोकसभा मतदारसंघात होते. येथून रामभाऊ म्हाळगी निवडून आले. आणीबाणीत ते येरवड्याच्या तुरुंगात होते. ज्याचा आवाज लोकांपर्यंत पोचूच दिला नव्हता, तो जिंकला! सहाच वर्षांपूर्वी, १९७१ साली, त्याच इंदिरा गांधींनी 'गरीबी हटाओ' या दोन शब्दांवर ३५२ जागा मिळवल्या होत्या. घोषणा करणारे तेच, ऐकणारे तेच, मधल्या काळात लोकांचा अनुभव तेवढा बदलला होता. २००४ साली 'इंडिया शायनिंग'चेही असेच झाले. ज्याच्या घरात उजेड पडला नव्हता, त्याला ती जाहिरात दर खेपेस आपल्या अंधाराची आठवण करून देत होती. हा तर पालथ्या घड्यावर पाणी घालण्याचा प्रकार झाला.

आता अगदी अलीकडचे, आपण सर्वांनी कानांनी ऐकलेले. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे शिवसेनेचे आमदार घेऊन बाहेर पडले आणि मुख्यमंत्री झाले. ऑगस्टमध्ये विरोधी आमदारांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर घोषणा दिली, 'पन्नास खोके, एकदम ओके'. प्रत्येक आमदाराला पन्नास कोटी मिळाले असा तो आरोप होता. तो शिंदे गटाने नाकारला आणि तो सिद्धही झालेला नाही. पण घोषणा अशी चपखल, की लग्नाच्या मांडवात, गणपतीच्या देखाव्यांत, लहान मुलांच्या खेळातही ती शिरली. दोन वर्षे महाराष्ट्रात दुसरे काही एवढ्यांदा उच्चारले गेले नसेल. मे २०२४ मध्ये लोकसभेचे मतदान झाले. मुंबईत ठाकरे यांच्या पक्षाला तीन जागा मिळाल्या. ठाण्यात मात्र शिंदे गटाचे नरेश म्हस्के आणि कल्याणमध्ये श्रीकांत शिंदे दोन-दोन लाखांहून अधिक मतांनी आले. घोषणा ठाणेकरांना पाठ नव्हती असे नाही. पाठ होती, पण पटली नव्हती.

का पटली नाही, याचे एक कारण मला आमच्या घरातच सापडले. शिंदे एके काळी ठाण्यात रिक्षा चालवत. विरोधकांपैकी काही जण त्यांना 'रिक्षावाला' म्हणून हिणवू लागले. शिंदे यांनी तो शब्द झटकला नाही, उलट मिरवला. बाबांना राजकारणात फारसा रस नाही. पण टीव्हीवर तो शब्द तिसऱ्यांदा त्या सुरात ऐकला तेव्हा ते जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "रिक्षा चालवणं ही काय शिवी झाली?" ज्याने तो टोमणा मारला त्याला कल्पनाही नसेल की कल्याण-डोंबिवलीतल्या स्टँडस्टँडवर तो टोमणा हजारो माणसांनी स्वतःला लावून घेतला. पुनरुक्ती दुधारी असते ती अशी. आपण एकाला उद्देशून बोलतो आणि ऐकतो भलताच.

त्याच निवडणुकीत दुसऱ्या बाजूलाही हाच धडा मिळाला. 'अब की बार ४०० पार' ही भाजपची घोषणा देशभर दुमदुमत होती. मार्च २०२४ मध्ये कर्नाटकातील त्यांचेच खासदार अनंतकुमार हेगडे यांनी घटनेत बदल करण्यासाठी एवढ्या जागा हव्यात असे जाहीर बोलून टाकले. मग विरोधकांना नवी घोषणा शोधावी लागली नाही. '४०० कशाला?' एवढाच प्रश्न पुरला. घोषणा जितक्यांदा वाजली तितक्यांदा वस्त्यावस्त्यांत संविधानाची काळजी जागी झाली. भाजप २४० वर थांबला आणि महाराष्ट्रात महायुतीला ४८ पैकी १७ जागा मिळाल्या. भोंगा एकाचा आणि मत दुसऱ्याला, असेही होते!

सहाच महिन्यांत तोच महाराष्ट्र फिरला. नोव्हेंबर २०२४ मध्ये महायुतीने २८८ पैकी २३० जागा जिंकल्या. त्याची कारणे अनेक असतील, त्यांतले एक मी आमच्या आईच्या मोबाईलवर पाहिले आहे. आई डोंबिवलीत चार घरी पोळ्या करते. 'लाडकी बहीण' योजनेचे महिना १५०० रुपये ऑगस्टपासून तिच्या खात्यात येऊ लागले. निवडणुकीआधी पाच महिन्यांचे ७५०० जमा झाले. बँकेचा संदेश आला की ती मला वाचायला सांगायची, आणि वाचून झाला की पुन्हा एकदा वाचायला सांगायची. दुसरी बाजू भोंग्यावरून ३००० देऊ म्हणत होती. मी तिला म्हटले, "आई, ते दुप्पट देणार आहेत." ती म्हणाली, "त्यांचे ऐकले, यांचे मिळाले." कोणत्याही पाठ्यपुस्तकात मला याहून नेमके वाक्य आढळलेले नाही. अर्थात तिचे गणित दोन्ही बाजूंनी चालते. प्रचारात सत्ताधाऱ्यांनी १५०० चे २१०० करू असे सांगितले होते. पुढचे वर्षभर हप्ता १५०० चाच येत राहिला, आणि दर महिन्याला आई २१०० ची आठवण न चुकता काढत राहिली. सरकारचीच घोषणा आता ती सरकारला ऐकवते!

या सगळ्यावरून माझे मत असे झाले आहे : पुनरुक्तीने घोषणा ओळखीची होते, खरी ठरते ती अनुभवाने. ज्या गोष्टीचा माणसाला अनुभव आहे, तिथे भोंगा फार तर अनुभवाला शब्द देतो, अनुभवाविरुद्ध गेला तर उलटतो. पण जिथे अनुभव नाही, माहिती नाही, दुसरा आवाज नाही, तिथे माणूस ओळखीलाच खरे मानतो. खरा धोका तिथे आहे.

आणि तिथेच मी गुन्हेगार आहे.

मतदान झाल्यावर मी बाबांना सहज विचारले, मत त्यालाच दिलेत ना? दहा दिवस डोक्यावर भोंगा घेऊन फिरलेले बाबा म्हणाले, "भाडं रिक्षाचं घेतलंय, मताचं नाही." मला फार बरे वाटले. आमच्या चाळीपुढचा नळ त्यांनी वीस वर्षे पाहिला आहे. पण शेजारच्या आजींनी त्यालाच मत दिले. त्या एकट्याच राहतात, त्यांना वाचता येत नाही. त्या म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाचं नावच कानावर आलं नाही गं. तुझा आवाज मात्र रोज यायचा. म्हटलं, आपली पोर सांगतेय, म्हणजे खरं असेल." ठगाच्या गोष्टीतले निराळे तोंड, विश्वासाचे तोंड, ते माझे होते. उमेदवाराने पाचशे रुपयांत नुसता माझा आवाज घेतला नव्हता, आजींचा माझ्यावरचा विश्वासही घेतला होता, आणि तो विकायचा मला अधिकार नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात नळाला नेहमीसारखेच पाणी आले : पहाटे, बारीक धारेने, अर्धा-पाऊण तास. रांगेत आजी माझ्या पुढे होत्या. रिकामा हंडा खाली ठेवून त्या म्हणाल्या, "पोरी, तूच म्हणत होतीस ना, भरपूर पाणी येणार म्हणून?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. खरेच काही माहिती असेल म्हणून त्यांनी विचारले होते. मी काय उत्तर देणार? ते वाक्य वाचताना ही योजना कोणती, जलवाहिनी कुठून येणार, पैसा कोण देणार, यांतले काहीच मी विचारले नव्हते. मी फक्त उच्चार शुद्ध ठेवले होते.

जानेवारी २०२६ मध्ये महापालिकेसाठी मी पहिल्यांदा मत दिले. त्याआधी प्रचाराची माणसे पुन्हा घरी आली होती. निराळा उमेदवार, तोच अर्ध्या मिनिटाचा मजकूर, आणि त्यात पुन्हा पाणी. मी म्हटले, "पाणी कोणत्या वर्षी आणि कुठून येणार ते एका ओळीत घाला, मग वाचते." ते हसले. त्यांनी दुसरी मुलगी शोधली. रिक्षा मात्र आमचीच गेली, कारण बाबांना कर्जाचा हप्ता होता. त्या दिवसांत आमच्याच टपावरून परक्या मुलीचा आवाज ऐकताना मला तिचा राग आला नाही. तिलाही पास काढायचा असेल.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळ जण निवडणुकीच्या दिवसांत चार पैशांसाठी पत्रके वाटतात, फेऱ्यांत चालतात, मोबाईलवरून मजकूर पुढे पाठवतात. ते करू नका असे सांगण्याइतकी मी मोठी नाही. पोट सर्वांना आहे. पण आपल्या घरात आणि चाळीत आपण 'शिकलेले पोर' आहोत, हे विसरू नये. आपण बोललो की ते खरे धरले जाते. म्हणून एखादी गोष्ट तिसऱ्यांदा कानावर आली की तिला मान डोलवण्याआधी बोकड खांद्यावरून खाली ठेवून पाहावा : हे मला कुणी सांगितले, त्याला कसे कळले, आणि मी स्वतः काय पाहिले आहे? आपल्या तोंडून तेच बाहेर पडण्याआधी तर हे प्रश्न दोनदा विचारावेत.

आजी अजूनही माझ्याशी बोलतात. मात्र आता मी काही सांगितले की त्या आधी विचारतात, "हे तू वाचलंयस, की तुला वाचायला दिलंय?"